टायरच्या चपलेचा माग

माझ्या नातीनं फ्रिजच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं आहे. दहावीचं वर्ष. चार रंगांच्या स्केचपेनांनी आखलेलं, कडेनं वेलबुट्टी. त्यात नाश्त्याला सात मिनिटं दिली आहेत आणि बूट घालायला दोन. ती उभ्यानंच दूध पिते. एक पाय बुटात, दुसरा नुसत्या मोज्यात आणि ओठांवर इतिहास. मी शेजारी चहाचा कप घेऊन उभा राहतो आणि मनातल्या मनात म्हणतो, पोरी, हे वेळापत्रक करायला तुला दोन दिवस लागले असतील. मला तीन लागले होते. रक्तातलंच आहे.

मार्च आला की भंडाऱ्याच्या हवेत एक कोरडा, गोडसर वास उतरतो. मोहाची झाडं तिकडे लांब राहिली, मी इकडे सिमेंटच्या घरात. तरी तो वास पत्ता विचारत विचारत येतो. लोकांना या दिवसांत परीक्षेची धडधड आठवते. मला जळणं आठवतं. तेही कुणाच्या मार्कांवर असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. मी जळत होतो एका वाडग्यावर आणि एका चपलेवर.

तेव्हा आम्ही मोहाडीला राहायचो. वडील तहसील कचेरीत कारकून. आम्ही त्यांना बाबूजी म्हणायचो आणि सगळी मोहाडीही बाबूजीच म्हणायची, त्यामुळे घरी आले तरी ते कचेरीतच असत. एकदा कामानिमित्त ते एका साहेबांच्या बंगल्यावर गेले आणि साहेबांना चहात टोस बुडवून खाताना पाहून आले. झालं. त्या दिवसापासून आमच्या घरची न्याहारी म्हणजे चहा-टोस. टोसाचा एक पत्र्याचा डबा आला, तो फळीवर देवाच्या शेजारी बसला. टोस पाटीसारखा कडक, बडीशेपेचा वास, आणि खाली सांडलेल्या भुग्यात मुंग्यांचं वेगळं कुटुंब.

टोस चहात किती वेळ धरायचा याचं एक शास्त्र आहे. डोकं पुस्तकात असलेल्या विद्यार्थ्याला ते साधत नाही. माझा टोस रोज बुडायचा. अर्धा हातात, अर्धा कपाच्या तळाशी, आणि मी उजव्या हातानं पान उलटत डाव्या हाताच्या बोटानं गाळ उपसतोय, असं माझं दहावीतलं चित्र आहे. भूमितीच्या पुस्तकातलं एक प्रमेय तर मी चहाच्या डागाच्या खुणेनंच ओळखायचो.

पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बाबूजींनी दिवाळीला आणलेले. मोहाडीच्या फुफाट्यात पांढरे बूट घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण मला ते बूट घातले की आपण फार कामात असलेले विद्यार्थी आहोत असं वाटायचं. शाळेतून खिशात घातलेला खडू ओला करून मी रोज त्यांना रंगवायचो. वेळापत्रकात त्यासाठी चक्क जागा होती. 'साडेपाच ते पावणेसहा : बूट.' पुढचा रकाना बीजगणिताचा होता, आणि तो बहुतेक वेळा बुटांतच जायचा.

आई या सगळ्यात कुठं होती? ती चुलीपाशी होती. ती आंबागडची, किल्ल्याच्या डोंगराखालच्या गावची. तिचे वडील शेती करून उरल्या दिवसांत जंगलात बांबूच्या, तेंदूपत्त्याच्या कामाला जायचे आणि लहानपणी ही त्यांच्यामागे. त्यामुळं तिला एक विद्या येत होती. पाणवठ्यावरच्या चिखलात रात्री कोण पिऊन गेलं, हे ती लहानपणी वाचायची. मोहाडीत तसली जनावरं नव्हती, मग ती माणसं वाचायची. सकाळी दाराशी उभी राहून सांगायची, दूधवाला येऊन गेला, बायकोशी भांडून आलेला दिसतो, टाच रुतवत चालला. आणि संध्याकाळी ते खरं निघायचं. बाबूजींना हे आवडत नसे. त्यांच्या मते ते जंगली होतं. तसंच त्यांच्या मते बासीही जंगली होती.

बासी म्हणजे रात्रीचा भात. तो मडक्यात पाणी घालून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, चुलीत भाजलेली लाल मिरची घेऊन खायचा. आमच्या धानाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्यांची न्याहारी तीच. पण आमच्या घरात टोस आल्यापासून बासी बंद. उरलेला भात गाईला जायचा. आई तो नेऊन घालताना गाईकडे कशी बघायची, ते मला फार उशिरा कळलं.

आणि मग तुळश्या आला.

तुळशीराम माझा मामेभाऊ, आईच्या सख्ख्या भावाचा मुलगा. आठवीपासून माझ्याच वर्गात होता आणि वसतिगृहात राहायचा. परीक्षेच्या तोंडावर तिथली खानावळ बंद पडली, तशी आई स्वतः गेली आणि त्याची पेटी डोक्यावर घेऊन आली. पेटी ओसरीत ठेवली. त्यानं दाराशी चपला काढल्या. त्या चपला मी पहिल्यांदा नीट पाहिल्या त्या तेव्हा.

ट्रकच्या टायरच्या चपला होत्या त्या. खाली टायरचा जाड तळवा, वर ट्यूबचे काळे पट्टे, कडेनं खिळे. तुमसरच्या बाजारात पायाचं माप देऊन करवलेल्या. वजनाला एवढ्या, की दाराशी काढल्या की धप्प आवाज यायचा. त्यांना रंगवावं लागत नव्हतं, बांधावं लागत नव्हतं. त्या कधी मरणारच नव्हत्या. आणि मुख्य म्हणजे त्यांचा ठसा. तुळश्या चालून गेला की गल्लीच्या पांढऱ्या फुफाट्यात ट्रकची नक्षी उमटायची. जणू काही माणसाच्या मापाचा ट्रक आमच्या दारातून निघाला आणि तलावाकडे गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी आंघोळीला गेल्यावर तुळश्यानं चुलीपाशी जाऊन विचारलं, आत्या, रातचा भात आहे काय? आईनं एकदा न्हाणीकडं पाहिलं आणि कोपऱ्यातून मडकं काढलं. म्हणजे तिनं तो रात्रीच भिजवून ठेवला होता. तिनं त्याला वाडगं भरून दिलं. तो दोन घास खाऊन थांबला आणि म्हणाला, "तू बी बस ना आत्या. एकट्याले गोड नाही लागत."

आणि आई बसली.

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात कप घेऊन उभा होतो. माझी आई कुणासोबत जेवायला बसलेली मी तोवर पाहिलीच नव्हती. ती सगळ्यांच्या मागून, भांड्यांच्या आवाजात जेवायची. आता ती पाटावर मांडी घालून बसली होती, कांदा बुक्कीनं फोडत होती, मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं तरी हसत होती, आणि गावातल्या कुणाच्या म्हशीची गोष्ट ऐकत होती. शेवटी दोघांनी वाडगी तोंडाला लावून पाणी पिऊन टाकलं, सुर्र करून, एकाच वेळी. माझ्या कपात टोस बुडाला होता. मी तो काढलाही नाही.

तो पाट मला हवा होता. पुढचा सगळा महिना, बीजगणित, संस्कृत, पहिला नंबर, सगळ्याच्या खाली मला एवढंच हवं होतं. पण मागणार कसा? आदल्या वर्षीच मी वर्गात मोठ्यानं म्हणालो होतो की बासी खाणाऱ्यांच्या डोक्यात पाणी होतं. तुळश्याकडे बघूनच म्हणालो होतो. तो हसला होता. त्याचा हाच दुर्गुण होता, तो हसायचा.

मग मी विज्ञानाचा आधार घेतला. आमचे विज्ञानाचे मास्तर सांगायचे, बासीनं गुंगी येते. ठरलं तर मग. मी आईच्या मागे लागलो, त्याला अजून वाढ, तो लाजतो. आईला भरून आलं. तिला वाटलं, पोरगं मोठं झालं. तुळश्या आग्रह मोडायचा नाही. तो दोन वाडगी खायचा आणि तलावाच्या पाळीवर जाऊन चार तास सरळ पाठीनं अभ्यास करायचा. जन्मापासून बासीवर वाढलेल्या माणसाला गुंगी कुठली? गुंगी मला यायची, वेळापत्रकाकडे बघून.

त्या काळात मी घड्याळाचा गजर लावून पहाटे उठायचो. उठल्यावर पहिलं काम म्हणजे गल्लीत डोकावणं. फुफाट्यात ट्रकची नक्षी उमटलेली असायची. तो गेलेला असायचा. उद्या अर्धा तास आधी उठायचं ठरवायचं. अर्धा तास आधी उठलो तरी नक्षी हजर. मग पांढरे बूट घालून त्या ठशांच्या बाजूबाजूनं तलावाकडे निघायचं. त्याचं पाऊल एक, माझं दीड. आजही डोळे मिटले की मला तो महिना असाच दिसतो : पुढं कुणीतरी चालून गेलेलं आणि आपण खाली बघत बघत मागं.

बीजगणिताच्या पेपरचा दिवस उजाडला. सकाळी आई विहिरीवर गेली आणि तुळश्या तिला पाणी ओढून द्यायला सोबत गेला. विहीर घरामागंच, वाट ओट्यावरूनच, म्हणून तो अनवाणी गेला. दोघांचं हसणं मागल्या दारातून घरात येत होतं. दाराशी चपला पडलेल्या होत्या.

मी त्या पायात घातल्या. वाईट विचार नव्हता, निदान पहिली दहा पावलं तरी नव्हता. मला फक्त बघायचं होतं कसं वाटतं ते. चांगलं वाटलं, हीच पंचाईत झाली. टायरमध्ये त्याच्या पायाचा खोलगट साचा बसला होता आणि त्यात माझा पाय आपोआप निजला. जमीन पायाला कळेना. काटा नाही, खडा नाही. मी चालत सुटलो. चालत चालत तलावाच्या पाळीशी आलो, आणि तिथं बेशरमाची दाट झुडपं होती, त्यांत मी त्या चपला खोल सारल्या. पेपरला तो जरा उशिरा पोचेल, जरा चिडेल, निदान एकदा तरी त्याचं हसू जाईल, एवढाच हिशेब. मग अनवाणी घरी परत आलो. जाताना हातात बूट घेऊन जावं, एवढी अक्कल असती तर मी पहिल्या नंबराच्या आसपास तरी असतो.

तुळश्या पाण्याचा गुंड भरून आत आला. चपला दिसेनात, तसा इकडं तिकडं पाहू लागला. आई दाराशी गेली आणि उभी राहिली. मी तिची पाठ बघत होतो. तिनं डोकं खाली घातलं. अंगणापासून गल्लीत टायरची नक्षी गेलेली होती, आखूड पावलांची. आणि तिच्या शेजारून परत आलेले उघडे पाय, डावा जरा बाहेर पडणारा. लहानपणापासून तो तसाच पडतो. तिला वाचायला दोन क्षणसुद्धा लागले नसतील.

ती वळली. माझ्या पायांकडे पाहिलं, घोट्यापर्यंत धूळ. मग फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "चप्पल तलावावर गेली, अन् तुळश्या तर मायासंग विहिरीवर होता."

मला वाटलं, आता ती त्याला हाक मारणार. तिनं कोपऱ्यातला खराटा उचलला. अंगण झाडलं, दार ओलांडलं, आणि कमरेत वाकून गल्लीही झाडत गेली, थेट कोपऱ्यावरच्या सडकेपर्यंत. सकाळचं झाडून झालेलं होतं, सडाही पडलेला होता. तुळश्या बाहेर आला आणि म्हणाला, आत्या, आता तर झाडलं होतं. ती म्हणाली, कचरा दिसला. चपलेचं काय, तर कुत्र्यानं नेली असन.

"टायर खानारं कुत्रं," तुळश्या म्हणाला, "दात पक्के असन त्याचे." आणि हसला.

मग आईनं हुकूम सोडला, तुझे बूट दे त्याले. मी दिले. पण त्याचा पाय बुटात टाचेपर्यंतही गेला नाही. रुंद, पसरलेला, बोटांमध्ये हवा खेळणारा पाय. तो म्हणाला, राहू दे आत्या, माये पाय ट्रकाचे आहेत. बूट परत माझ्याकडे आले. आईनं ते हातातून काढून घेतले आणि फळीवर, टोसाच्या डब्याशेजारी ठेवले. मीही अनवाणीच जायचं, हे तिला सांगावं लागलं नाही.

आणि मग तिनं पाट मांडले. दोन. एक तुळश्याचा, एक माझा. मडकं काढलं. वाडगी दोनच भरली, आणि दुसरं होतं तिचं स्वतःचं, काठाला टवका उडालेलं. ते माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "खा."

मी खाल्लं. महिनाभर जिच्यासाठी तडफडत होतो ती बासी. गार, जरा आंबूस, मिरचीचा धूर नाकात. काय सांगू, तिच्यासारखं दुसरं काही मी खाल्लेलं नाही. पण आई चुलीकडे तोंड करून बसली होती, नुसती, काही न खाता. पाट मिळाला होता, आणि त्या पाटाशेजारी कुणी नव्हतं.

पेपरला आम्ही दोघं अनवाणी निघालो. शाळा तलावाच्या पलीकडे. दहाच्या उन्हात फुफाटा तव्यासारखा. सडकेपासून पुढं माग कुणी झाडलेला नव्हता, पण ते मला तेव्हा सुचलंच नाही. तुळश्या खाली बघून चालत होता. मला वाटलं, सूत्रं आठवतोय. पाळीवर बेशरमाच्या झुडपांपाशी तो थांबला. एक पाय उचलून पोटरीवर घासला, मग दुसरा. म्हणाला, चाल, घंटा होईन.

मास्तरांचं विज्ञान अखेर खरं ठरलं, फक्त माणूस बदलला. सवय नसलेली वाडगंभर बासी पोटात घेऊन मी बीजगणिताच्या पहिल्या प्रश्नावर जो कलंडलो, तो पर्यवेक्षकांनी बाकावर डस्टर आपटेपर्यंत. डोळे उघडले तेव्हा तुळश्या उभा राहून पुरवणी मागत होता. दोरा बांधून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पेन हलवून खूण केली, लिही.

पेपर सुटल्यावर मी झुडपांत हात घातला. चपला नव्हत्या. पाळीवरून घरापर्यंत टायरची नवी नक्षी गेलेली होती. जवळ जवळ पडलेली, बारीक पावलं. आयुष्यभर अनवाणी चाललेली माझी आई ते धूड पायात घालून, बहुतेक पदर खोचून, तलावापासून घरी आली होती. हा माग मात्र तिनं झाडला नव्हता. मला आयुष्यात वाचता आलेला तो पहिला माग. चपला दाराशी होत्या, धुतलेल्या. तुळश्याला तिनं काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पाट तीन होते. बाबूजींनी ते पाहिलं, खाकरले, आणि आपला टोस बुडवला.

तुळश्या शाळेत पहिला आला. बीजगणितात मी जेमतेम पास. पुढं तो वनखात्यात लागला, माग बघणं हेच त्याचं काम झालं, आणि निवृत्त होऊन परत आंबागडला गेला. आई गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात त्याच्याकडे गेलो होतो. मोहाची फुलं पडायला लागली होती. सकाळी सुनेनं ओसरीत दोन वाडगी आणून ठेवली. माझ्या पायाशी भारीतले चालायचे बूट, डॉक्टरांनी सांगितलेले. त्याच्या पायाशी अजून टायरच. बाजारात आता मिळत नाहीत, कुणाकडून तरी करवून घेतो. मी बसल्या बसल्या त्या चपलांकडे बघत होतो. वय काय, आणि नजर कुठं.

त्यानं कांदा बुक्कीनं फोडला. अगदी आईसारखीच बुक्की. अर्धा माझ्याकडे सरकवत, मान वर न करता म्हणाला, "आत्यानं सडकेपर्यंतच झाडलं होतं. तलावापर्यंत नाही."

माझा घास हातात राहिला. एवढी वर्षं. हा माणूस आंबागडचा, त्याच आजोबांचा नातू, आणि याला माग वाचता येत नसेल असं मी खुशाल धरून चाललो होतो.

"मंग तेव्हा बोलला काहून नाही?"

"आत्यानं झाडलं होतं ना," तो म्हणाला. "तिनं झाडलेलं मी कायले उकरू?"

आणि हसला. तेच हसू.

मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही, खोटं कशाला बोलू. पण लाजेच्या आधी, अगदी पहिल्यांदा, तेच जुनं ओळखीचं जळणं आलं. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ आईची आणि याची एक गोष्ट होती. न बोलता ठरलेली. दोघांनी सांभाळलेली. आणि मी आपला उंबऱ्यात, कप घेऊन.

मी वाडगं तोंडाला लावलं. त्यानंही लावलं. मी जरा जोरानंच सुर्र केलं.